क्रायानमधली आमची जमीन कागदावर आली, त्याचा अनुभव

क्रायान हा इंडोनेशियाच्या उत्तर कालिमांतान प्रांतातला, मलेशियाच्या सारावाक राज्याला लागून असलेला डोंगराळ प्रदेश आहे. सरकारदरबारी तो नुनुकान जिल्ह्यात मोडतो, पण जिल्ह्याच्या गावाहून तिथे जायला धड रस्ता नाही. शेजारच्या मालिनाऊ जिल्ह्याकडून डोंगर फोडून रस्ता आणण्याचे काम बरीच वर्षे चालले आहे आणि पावसाळ्यात त्या रस्त्यावर गाड्या चिखलात रुतून बसतात. त्यामुळे बहुतेकांची भिस्त अजूनही लाँग बावनच्या धावपट्टीवर उतरणाऱ्या छोट्या विमानांवरच असते. माझे सासर तिथल्या लुनदायेह समाजातले. मी मूळची अहिल्यानगरच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातली. आमचे लग्न २०१४ साली झाले आणि पुढची काही वर्षे आम्ही पतींच्या नोकरीमुळे त्याच प्रांतातल्या ताराकान शहरात राहिलो. सासरे गेल्यावर गावी परतायचे ठरले, तेव्हा जमिनीचा प्रश्न पहिल्यांदा समोर आला.

जमीन तीन प्रकारची होती. ओढ्याच्या पाण्यावरची भातखाचरे आणि घराची जागा पतींच्या वाट्याला वारसाने आली होती. खाचरांना लागून एक तुकडा आम्ही लग्नानंतर एका चुलत दिराकडून विकत घेतला होता. शिवाय टेकडीवर बांबू, फळझाडे आणि रेड्यांना चरायला मोकळे रान होते. यांपैकी कशाचाही पक्का कागद आमच्याकडे नव्हता. गावच्या सरपंचाने, म्हणजे तिथल्या कपाला देसाने, दिलेला जुना दाखला तेवढा होता आणि त्यावर चतुःसीमा शेजाऱ्यांच्या नावांनी लिहिलेल्या होत्या. त्या शेजाऱ्यांतले काही जण आता हयात नाहीत. आपल्या सातबाऱ्यासारखी गट क्रमांकासह सलग नोंद इथे कधी झालीच नव्हती.

ताराकानला नोटरीकडे गेल्यावर पहिला प्रश्न जमिनीचा निघाला नाही, माझ्या नागरिकत्वाचा निघाला. इंडोनेशियाच्या १९६० च्या मूलभूत जमीन कायद्यानुसार हाक मिलिक, म्हणजे पूर्ण मालकी, केवळ इंडोनेशियाच्या नागरिकालाच मिळते. १९७४ च्या विवाह कायद्यानुसार लग्नानंतर मिळवलेली मालमत्ता पतिपत्नींची सामाईक होते. वारसाने आलेली मात्र ज्याची त्याचीच राहते. म्हणजे खाचरांबाबत अडचण नव्हती, पण विकत घेतलेल्या तुकड्यात माझा, एका परदेशी नागरिकाचा, हिस्सा धरला जात होता. परदेशी व्यक्तीकडे अशा रीतीने मालकी आली तर ती एका वर्षाच्या आत सोडावी लागते, नाही तर तो हक्क संपुष्टात येऊन जमीन सरकारजमा होते. हे ऐकून सासूबाईंचा चेहरा उतरला, कारण तो तुकडा त्यांच्या सासऱ्यांनी घातलेल्या बांधाला लागून होता आणि तो पुन्हा घरात आला याचे त्यांना फार समाधान होते.

मार्ग होता, आणि तो नवा होता. आमच्या लग्नाच्या वेळी मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार लग्नाआधीच किंवा लग्न लागतानाच करता येत असे. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने आमच्यासारख्याच एका मिश्र विवाहातल्या पत्नीच्या अर्जावर निकाल दिला की असा करार लग्नानंतरही करता येईल आणि तो, वेगळे काही ठरवलेले नसल्यास, लग्नाच्या दिवसापासून लागू धरला जाईल. ती पत्नी इंडोनेशियाची नागरिक होती आणि केवळ परदेशी नवऱ्यामुळे तिला स्वतःच्या देशात घर घेता येत नव्हते. तिच्या चिकाटीमुळे माझ्यासारख्या कित्येक घरांची सोय झाली, याची कृतज्ञता मला मनापासून वाटते. आम्ही नोटरीसमोर करार केला आणि नागरी नोंदणी कार्यालयात त्याची नोंद करून घेतली. माझे नाव भारतीय पासपोर्टवर एका प्रकारे आणि लग्नाच्या दाखल्यावर दुसऱ्या प्रकारे लिहिलेले होते, म्हणून एका खिडकीवर आमचे कागद बराच काळ अडकले. शेवटी दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे लेखी निवेदन करून दिल्यावर ते पुढे सरकले. मिश्र विवाहातल्या कुणालाही माझे सांगणे हेच की जमिनीच्या आधी करार आणि कराराच्या आधी नावे जुळवणे, हा क्रम सोडू नये.

करार हातात आल्यावर गावची बाजू सुरू झाली. २०१७ पासून इंडोनेशियात संपूर्ण गावाची एकदम मोजणी करून मालकीपत्रे देण्याची योजना चालते. तिला पे-ते-एस-एल म्हणतात. मोजणीचा खर्च सरकार करते. हद्दीच्या खुणा, साक्षीदारांच्या सह्या आणि दहा हजार रुपियांचे मुद्रांक मालकाने आणायचे असतात. आमच्या गावाची पाळी आली तेव्हा मोजणीदार उपग्रहावरून जागा टिपणारे यंत्र एका काठीवर बसवून घेऊन आले. काठी कुठे रोवायची, हे मात्र यंत्राला माहीत नव्हते. ते सांगायला पतींचे थोरले मामा, शेजारचे दोन वृद्ध आणि गावचे आदात प्रमुख, म्हणजे रूढीचे जाणते, पुढे चालत होते. एका ठिकाणी बांध फिरलेला होता. मामांनी चिखलात हात घालून जुन्या पाटाचा दगडी काठ चाचपला, शेजाऱ्याला बोलावले, त्याचाही हात त्याच दगडावर ठेवला आणि मग मोजणीदाराला काठी तिथे रोवायला सांगितले. शेजाऱ्याने मान डोलावली आणि सही केली. एका दगडावरून तंटा होऊ शकला असता, पण दोघांच्या वडिलांनी तो पाट मिळून काढला होता हे दोघांनाही आठवत होते. कागद यायच्या आधी ही जमीन इतकी वर्षे कशाच्या आधारावर टिकली, ते मला त्या दिवशी कळले.

मालकीपत्र पतींच्या नावाने आले. सरकारच्या मोबाइल अॅपवर आपला तुकडा नकाशावर दिसतो, पण गावात इंटरनेट इतके क्षीण आहे की आम्ही तो लाँग बावनला जाऊन पाहिला.

टेकडीवरच्या रानाचे तसे झाले नाही. ते सरकारी नोंदीत वनक्षेत्रात येते आणि वनक्षेत्रातल्या जमिनीला वैयक्तिक मालकीपत्र मिळत नाही. क्रायानच्या भोवती कायान मेंतारांग हे सुमारे तेरा लाख हेक्टरांचे राष्ट्रीय उद्यान आहे, त्यामुळे वनाच्या रेषा गावांच्या अगदी जवळ येतात. माझ्या मते खरा प्रश्न इथेच आहे. रेडे हीच लुनदायेह घराची पुंजी. कापणीनंतर ते खाचरांत सोडले जातात आणि त्यांच्या पायांनी धसकटे चिखलात मिसळून पुढच्या पिकाचे खत होते. वर्षातून एकदा येणाऱ्या, आदान नावाच्या इथल्या तांदळाला २०१२ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण ज्या रानावर रेडे जगतात त्याचा कागद नाही. म्हणजे खाचर आमचे आणि ज्याच्या जोरावर ते पिकते ते रान मात्र अधांतरी.

भविष्याचा विचार करताना नातेवाईक मला विचारतात की तिथे जमिनीला भाव येईल का. गावातल्या माणसाचा हिशेब वेगळा आहे. साखर, तेल, गॅसच्या टाक्या आणि सिमेंट सीमेपलीकडच्या बाकेलालनहून येतात, तांदूळ आणि रेडे तिकडे विकले जातात आणि बाजारात मलेशियाचे रिंगिट इंडोनेशियाच्या रुपियाइतकेच सहज चालतात. २०२० मध्ये सीमा बंद झाली तेव्हा घरात तांदूळ होता, पण साखर मिळेना. मालिनाऊचा रस्ता पक्का झाला तर जीवनमान बदलेल आणि बाहेरचे लोक जमिनीच्या शोधात येतील, हे उघड आहे. गावातल्या कुणाच्या नावावर जमीन घेऊन पैसा आपला घालावा, असा सल्ला काही दलाल परदेशी माणसांना देतात. कायद्याच्या दृष्टीने असा व्यवहार रद्दच ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेली रक्कम परत मागता येत नाही. परदेशी रहिवाशासाठी हाक पाकाई नावाचा वापराचा हक्क आहे. तो तीस वर्षांसाठी मिळतो आणि पुढे वीस व तीस वर्षांनी वाढवता येतो. भारतातही परदेशी नागरिकाला शेतजमीन विकत घेता येत नाही, म्हणून मला या कायद्याबद्दल तक्रार नाही. आपली जमीन आपल्या लोकांकडे राहावी, ही इच्छा मी माहेरीही पाहिली आहे.

मुलीबाबत आम्हाला वेगळी काळजी घ्यावी लागली. इंडोनेशियाच्या २००६ च्या नागरिकत्व कायद्याने मिश्र विवाहातल्या मुलांना अठरा वर्षांपर्यंत दोन नागरिकत्वे ठेवता येतात, पण दुसरे नागरिकत्व असेतोवर पूर्ण मालकीची जमीन नावावर ठेवता येत नाही, आणि भारत तर दुहेरी नागरिकत्व मानतच नाही. म्हणून तिची भारतीय नागरिक म्हणून नोंद केली नाही. ती इंडोनेशियाची नागरिक आहे. भारतात ये-जा करण्यासाठी ओसीआय कार्डाचा, म्हणजे भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या कार्डाचा, अर्ज आम्ही करणार आहोत.

राहता राहिले टेकडीवरचे रान. घटनात्मक न्यायालयाने २०१३ साली निकाल दिला की रूढीने चालत आलेले वन हे सरकारी वन नव्हे, आणि त्या आधारावर आदात समाज आपल्या वनाला मान्यता मागू शकतो. तो अर्ज एका कुटुंबाला करता येत नाही, संपूर्ण समाजाचा असावा लागतो. गावच्या बैठकीत मामांनी आणि आदात प्रमुखांनी नकाशा काढण्याचे काम हाती घेतले आहे आणि पतींनी मोजणीच्या वेळी शिकलेली कामे त्यांना करून द्यायचे कबूल केले आहे. हद्दीची पहिली फेरी कापणी झाल्यावर, रेडे खाचरांत उतरले की सुरू होईल.