सकाळी सेल्फ नुसता खट्ट म्हणतो तेव्हा

जुना ट्रॅक्टर आणि कडाक्याची थंडी एकत्र आली की चावी फिरवायच्या आधीच माणूस जरा श्वास रोखून बसतो. आणि मग आतून फक्त "खट्ट" ऐकू आलं की आजूबाजूचे सगळे डॉक्टर होतात, सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी स्टार्टर मोटर) गेला, सेल्फ बदला, नवीनच टाका एकदाचा. माझं मत विचाराल तर दहातल्या बऱ्याच वेळा सेल्फ बिचारा निर्दोष असतो. त्याच्यापर्यंत करंटच पोचत नाही तर तो फिरणार कशाच्या जोरावर?

आधी आवाज नीट ऐकावा, घाई करू नये. खटखटखटखट असा भराभर आवाज आला तर बहुतेक बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल ढिलं, कारण सोलेनॉईड (सेल्फला करंट जोडणारा विजेवरचा स्विच) ओढून घेतो, मोटर करंट मागते, व्होल्टेज धाडकन पडतं, सोलेनॉईड सोडून देतो, परत व्होल्टेज वर येतं, परत ओढतो, असा खेळ चालू राहतो. एकच जाड "खट्ट" आणि पुढे शांतता असेल तर सोलेनॉईडच्या आतले तांब्याचे पॉइंट जळालेत का, कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) संपलेत का ते बघायचं. आणि सेल्फ नुसताच सुंईऽऽ करून फिरतोय, इंजिन जागचं हलत नाही, तर बेंडिक्स (सेल्फच्या टोकाचं दातेरी चाक) फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाच्या, रिंगला पकडत नाहीये. काहीच आवाज नाही, एकदम मौन, तर आधी न्यूट्रल किंवा क्लचचा सेफ्टी स्विच बघा, तो असतो हेच पुष्कळांच्या लक्षात नसतं.

आता थंडीच का? तर थंडी एकदम सगळीकडूनच घेरते. बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते, शून्य अंशाच्या आसपास तिची ताकद पाचवा ते तिसरा हिस्सा कमी होते आणि शून्याखाली 18 अंशांवर तर जेमतेम निम्मी उरते. त्याच वेळी इंजिनातलं ऑइल दाट झालेलं असतं, म्हणजे इंजिन फिरवायला जास्त जोर लागणार. वर डिझेल इंजिनाला ठिणगी नसते, हवा दाबून तापवायची आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल पेटवायचं. इंजिन हळू फिरलं की दाबलेली हवा रिंगांमधून निसटते, जी काय उष्णता तयार झाली ती थंडगार सिलिंडर पिऊन टाकतो. म्हणजे ताकद कमी आणि मागणी जास्त, शिवाय वेगही हवा. उन्हाळ्यात हाच ट्रॅक्टर अर्ध्या चावीला सुरू होत असतो म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे, पण तेव्हाही टर्मिनलखाली गंज असतोच, फक्त निभावून जातं.

"पण लाइट तर झकास लागतात की!" हे वाक्य ऐकलं की मला हसू येतं. लाइटवरून बॅटरीचा आणि वायरिंगचा निकाल लावू नका, जरा हिशोब करा. समजा एखाद्या जोडावर 0.01 ओहम इतका फुटकळ अडथळा आहे. हेडलाइटला 5 अँपिअर लागतात, तिथे व्होल्टेज पडणार 0.05, कुणाच्या डोळ्याला कळणार? पण सेल्फ 300 अँपिअर ओढायला गेला की तोच जोड 3 व्होल्ट खाऊन टाकतो, 12 चे 9 राहतात, आणि बॅटरी स्वतः दबली ते वेगळंच. अंगठ्याच्या नखाएवढा गंज अख्ख्या ट्रॅक्टरला अडवून धरतो तो असा.

म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी मी मल्टीमीटर घेतो. इंजिनाचा स्टॉप (डिझेल बंद करणारा नॉब) ओढून ठेवायचा, गाडी न्यूट्रलला, मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसच्या शिशाच्या खुंटावर (क्लॅम्पवर नाही, खुंटावरच) आणि दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर, मग कुणालातरी चावी मारायला सांगायची. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर त्या वाटेत कुठेतरी चोर आहे. मग हेच मायनसच्या खुंटापासून सेल्फच्या बॉडीपर्यंत करायचं. जुन्या ट्रॅक्टरात चोर बहुतेक या दुसऱ्या वाटेवरच सापडतो, कारण अर्थिंगची पट्टी ज्या बोल्टखाली असते तिथे रंग, ऑइल, माती, गंज सगळं साचलेलं असतं आणि तिकडे कुणी बघतच नाही. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत करा, बोल्ट आवळा, झालं.

एक गंमत सांगतो. 1912 च्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांचा इलेक्ट्रिक स्टार्टर आला. इंजिन फिरवायचं तर मोटर भलीमोठी लागेल असं सगळ्यांना वाटायचं, पण मोटरला काही सेकंदच काम करायचंय तर छोट्या मोटरवर थोडा वेळ भरमसाठ लोड टाकला तरी चालतो, हे त्यांनी ओळखलं. आपला सेल्फ आजही त्याच हिशोबावर जगतो, म्हणून चावी दहा-पंधरा सेकंदांच्या वर धरून बसू नका, मधे दोन मिनिटं थांबा, नाहीतर आतली वाइंडिंग भाजून निघते.

सगळे जोड साफ करूनही सेल्फ जडच फिरत असेल तर मात्र तो खोलावा. कार्बन बघा, बुश (शाफ्टला आधार देणारी नळी) बघा. बुश झिजला की आर्मेचर (आतला फिरणारा भाग) एका बाजूला लवंडून फील्डला (भोवतालच्या स्थिर भागाला) घासतं, करंट दुप्पट ओढतं आणि फिरतं निम्मं. आणि बेंडिक्सवर प्रेमाने जाड ग्रीस थापू नका हो, थंडीत ते घट्ट होतं आणि बेंडिक्स जागेवर चिकटून बसतो, साफ करून अगदी हलकं ऑइल पुष्कळ झालं.

दोन गोष्टींवर मी कुणाचंच ऐकत नाही. खाली उभं राहून स्क्रू ड्रायव्हरने सेल्फ शॉर्ट करायचा नाही, ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर तो थेट अंगावरच येतो. आणि ग्लो प्लग (सिलिंडर आतून तापवणारी कांडी) किंवा हीटर असलेल्या इंजिनात इथरचा, म्हणजे चटकन पेटणारा, स्प्रे मारायचा नाही, भलत्याच वेळी पेट घेतो आणि पिस्टन फोडतो.

बाकी बॅटरी चार्ज ठेवा, उतरलेली बॅटरी शून्याखाली 7-8 अंशांवरच गोठू शकते, आणि गोठलेलीला चार्जर लावणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण. मी तर रात्री ती काढून घरात आणतो, उबेला ठेवली की सकाळी निम्मं काम झालेलं असतं. फक्त ती नेमकी कुठे ठेवायची यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही.