तुम्ही विचारलंत म्हणून: जाळीआडचाच मठ का?

शाळा चालवणाऱ्या, दवाखान्यात राबणाऱ्या इतक्या सिस्टर असताना तुमच्या बहिणीनं जाळीआडचा मठच का निवडला? वसईत हे विचारणारे सगळे आपलेच लोक, त्यामुळे अनवाणी कार्मेल, म्हणजे मठाबाहेर न पडता जाळीआड प्रार्थनेत राहणाऱ्या सिस्टरांचा तिचा संघ, इथपासून फार सांगत बसत नाही. पण ‘ही कसली शिक्षा भोगतेय पोरगी?’ असं कुणी म्हटलं की मला राग येतो, आणि तो मी गिळणार नाही.

शिक्षा नाही ती. हा संघ उभा करणारी सोळाव्या शतकातली स्पॅनिश संतीण, आविलाची तेरेजा, आधी जुन्या कार्मेल संघाच्या ज्या एन्कार्नेशन मठात राहिली, तिथं दीडशेच्या वर बायका होत्या. बड्या घरच्यांना स्वतंत्र खोल्या, कुणाकुणाला मोलकरणी, नावाआधी ‘दोन्या’, म्हणजे ‘बाईसाहेब’. गरिबाघरच्या मुली सामायिक दालनात. २४ ऑगस्ट १५६२ रोजी तिनं सान होसे हा लहानसा मठ सुरू केला, तो मोजक्या तेरा जणींपुरता ठेवायचा म्हणून. ‘दोन्या’ बंद. केर काढायच्या पाळीत पहिलं नाव मुख्य मदरचं. १४ सप्टेंबरच्या क्रूसाच्या सणापासून ईस्टरपर्यंत उपास, पायात दोरीच्या चपला, आणि रोज जेवणानंतर एकत्र बसून गप्पा मारायची वेळसुद्धा. लोकांना उपास तेवढे आठवतात. केरसुणी कुणाला आठवत नाही.

‘मग जुन्याच संघात राहून सुधारणा करायची, फाटाफूट कशाला?’ करू दिली असती तर ना! १५७७च्या डिसेंबरात तेरेजाच्या सुधारणेतला साथीदार, क्रूसाचा योहान, याला त्याच्याच संघातल्या बांधवांनी पकडलं, तोलेदोच्या मठात एका कोंदट खोलीत डांबलं, चाबकानं मारलं. पुढच्या ऑगस्टमध्ये तो निसटला. अनवाणी संघ जुन्यापासून पूर्ण वेगळा व्हायला १५९३ उजाडलं.

इथवर मी तिची बाजू तावातावानं मांडतो. बाबांच्या आजारपणाबद्दल मात्र आजवर कुणाशी बोललो नाही.

शेवटच्या आठवड्यात बाबांना माणसं नीट ओळखू येत नव्हती, पण दाराशी पाऊल वाजलं की ते तिचं नाव घ्यायचे. मी मठात फोन केला. मदरनं तिला स्वतः विचारलं होतं, जाऊन येतेस का म्हणून. परवानगी मिळत होती; हिनंच नको म्हटलं. ओटीवर शेजारच्या बायका रोझरी म्हणायच्या आणि मधेच मला विचारायच्या, ‘कधी येतेय रे?’ मी ‘उद्या’ म्हणायचो. बाबांनाही तेच सांगितलं. बाबा गेले तेव्हाही ती आली नाही.

बाबांच्या महिन्याची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाल्यावर मी मठात गेलो, तो भांडायच्या तयारीनंच. १५४३ साली तेरेजाचे वडील आजारी पडले तेव्हा ती मठ सोडून घरी गेली, शेवटपर्यंत त्यांची सेवा केली. हे जमलं, कारण एन्कार्नेशन कडक नव्हता. जाळीपलीकडे बसलेल्या बहिणीला मी म्हटलं, ‘ज्या सैल मठाला तुम्ही नावं ठेवता, त्यानंच तुझ्या संतिणीला बापाजवळ बसू दिलं.’

ती रडली. मग म्हणाली, ‘दादा, त्या मठात पोटाला पुरत नव्हतं, म्हणूनही बायकांना नातेवाइकांकडे धाडायचे. श्रीमंत बाईनं बोलावलं की जावं लागायचं. तेरेजाला दोन्ही ठाऊक होतं. तरी तिनं दार लावलं.’

तिचं म्हणणं खरं आहे. इतिहास तिच्या बाजूनं आहे. पण मी इतिहास विचारायला गेलोच नव्हतो. तिला परवानगी होती, हे मी पुन्हा म्हटलं. त्यावर ती म्हणाली, ‘एकदा निघाले असते तर दर वेळी निघावंसं वाटलं असतं.’ हे मला तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. ती मठात गेली तेव्हा मी तिला पळपुटी म्हणालो होतो. तो शब्द आता मी वापरत नाही, पण त्याच्या जागी कोणता वापरायचा तेही ठरलेलं नाही.

म्हणून, तुम्ही विचारलंत तर बाजू मी तिचीच घेणार. तिचा मठ चुकीचा आहे असं माझ्याकडून वदवून घ्यायला येऊ नका. ते मी फक्त तिच्याशी भांडताना म्हणतो.