कामशेतचे चार दिवस : पॅराग्लायडिंग शिकायला जाणाऱ्यांसाठी

डिसेंबरातल्या एका गुरुवारी पहाटेची लोणावळा लोकल पकडून कामशेतला उतरले तेव्हा वाटलं होतं, संध्याकाळपर्यंत हवेत असेन. प्रत्यक्षात पहिले दोन दिवस माझे पाय जमिनीवरच होते. आता म्हणेन, ते दोन दिवस होते म्हणूनच पुढचं सगळं जमलं.

जाणाऱ्यांनी आधी एक ठरवावं : उडून बघायचंय की शिकायचंय? उडून बघायचं असेल तर टँडेम. पायलट मागे, तुम्ही पुढे, चार-सहा पावलं पळायचं आणि दरी पायाखाली. अर्ध्या दिवसात घरी परत. शिकायचं असेल तर सलग तीन-चार दिवस काढा आणि वर एखाददुसरा दिवस हाताशी ठेवा, कारण वारा तुमची रजा बघून वाहत नाही.

पहिला दिवस सगळा ग्राउंड हँडलिंगचा. उतारावर पंख, म्हणजे पॅराग्लायडरचं कापड, पसरायचा, दोऱ्या एकेक करून सोडवायच्या, वाळक्या गवताची काडी अडकली असेल तर काढायची. मग दरीकडे पाठ आणि पंखाकडे तोंड करून उभं राहायचं. पुढचे रायझर, म्हणजे पंखाच्या दोऱ्या हार्नेसला जोडणारे पट्टे, हलकेच ओढले की पुढच्या कडेची तोंडं वाऱ्याने भरतात, कापड फडफडत उठतं आणि डोक्यावर येऊन एकदम गप्प होतं. ती शांतता आली की समजायचं, पंख बसला. मग वळायचं, पण कोणत्या बाजूने वळणार ते हार्नेस (अंगावर बांधायचं पट्ट्यांचं आसन) अडकवतानाच ठरलेलं असतं. चुकीच्या बाजूने वळलात तर रायझरना पीळ पडतो. मी एका सकाळीच वीसेक वेळा पंख उचलला असेल. खांदे भरून आले, पण दुपारनंतर मान वर न करताही पंख कुठे झुकतोय ते कमरेला कळायला लागलं. हे कोणी सांगून कळत नाही.

दुसऱ्या दिवशी वाऱ्याचा झोत आला आणि मी घाबरून दोन्ही ब्रेक, म्हणजे पंखाची मागची कड खाली ओढणाऱ्या दोऱ्या, अर्धे ओढले. पंख आणखीच भरला आणि मला भाताच्या धसकटांवरून पाच-सात मीटर फरफटत घेऊन गेला. शिकवणारे सर ओरडत होते, "ताई, पंखाकडे पळा! पंखाकडे!" खरं तेच करायचं असतं : पंखाकडे धावायचं, मागचे रायझर खेचायचे, की हवा निघून जाते. कोपर सोललं. हेल्मेट, घोट्याच्या वर येणारे बूट, पूर्ण बाह्या आणि हातमोजे यांवर तडजोड करू नका, ऊन कितीही असो.

तिसऱ्या दिवशी छोट्या टेकडीवरून उड्या, आणि चौथ्या दिवशी वरच्या डोंगरावरून एकटीने, कानात वॉकीटॉकी. लांबवर पवना धरणाचं पाणी चकाकत होतं. डाव्या अंगाला, माझ्याच उंचीवर, एक घार पंख न हलवता कड्याला धरून फिरत होती. वारा डोंगराच्या अंगावर आपटून वर चढतो, त्याच पट्ट्यात तीही होती आणि मीही. डोंगराच्या मागच्या बाजूला तोच वारा भोवऱ्यासारखा खाली कोसळतो. म्हणून कड्याच्या पुढे राहायचं, मागे वाहवत जायचं नाही. हा नियम पाठ करूनच वर जा.

काही वर्षांपूर्वी हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला मी ग्लायडरमध्ये, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानात, बसले होते, त्यामुळे तुलना मनात होतीच. तिथे विंच, म्हणजे तार गुंडाळणारं यंत्र, तारेने विमान खेचतं, नाक आभाळाकडे होतं, तार सुटते आणि मग काचेच्या घुमटात फक्त वाऱ्याची सळसळ. स्थिर हवेत शंभर मीटर उंचीवरून साधा पॅराग्लायडर आठ-नऊशे मीटर पुढे जातो, हँग ग्लायडर (ताठ चौकटीचा, खाली लटकून उडवायचा पंख) साधारण बाराशे ते पंधराशे, आणि चांगलं ग्लायडर तीन किलोमीटर किंवा त्याहून जास्त. लांब जायचं असेल तर ग्लायडरला तोड नाही. पण त्याला धावपट्टी, विंच आणि माणसं लागतात. हँग ग्लायडर वेगवान, पण पंचवीस-तीस किलोची अॅल्युमिनियमची चौकट गाडीच्या टपावर बांधून न्यावी लागते आणि उतरायला मैदानही मोठं लागतं. आपला पंख घडी करून पाठीवर मावतो. त्याची किंमत वेगात चुकवावी लागते. ताशी पस्तीस-चाळीस किलोमीटर हा त्याचा नेहमीचा वेग, म्हणजे समोरून तेवढाच वारा आला तर तो जागच्या जागी उभा राहतो. शिवाय आत कोणतीही चौकट नाही, खवळलेल्या हवेत पंख एका बाजूने मिटूही शकतो. म्हणूनच नवशिक्याने वारा वाढला की घडी घालून बसायचं. त्यात कमीपणा मानू नये.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी जा. उन्हाळ्यात भर दुपारी थर्मल, म्हणजे तापलेल्या जमिनीवरून वर उठणारे हवेचे झोत, अंगावर येतात, पावसाळ्यात उड्डाणं बंद. फी भरण्याआधी विचारा : राखीव पॅराशूट आहे का, शेवटचं कधी उघडून घडी केलं, वाऱ्यामुळे वाया गेलेले दिवस पुन्हा मिळतात का. याची नीट उत्तरं न देणाऱ्या एका ठिकाणी मी आगाऊ पैसे भरून बसले होते, ते परत मिळाले नाहीत.

आणि उतरताना बघा, खाली कोणाचंतरी शेत आहे. कापणी झालेलं खाचर असेल तरी पंख गोळा करून बांधावरूनच बाहेर या. मी उतरले तिथे पेंढा रचत असलेल्या आजीने आधी विचारलं, "लागलं न्हाय ना गं?" आणि मग हंड्यातलं पाणी दिलं. दोऱ्या पेंढ्यात अडकल्या होत्या. त्या सोडवायला आम्ही दोघी बराच वेळ वाकून बसलो होतो.