गाढवाच्या शेपटीचा ब्रश

परवा दुपारी जेवून आडवी झाले आणि फोन चाळता चाळता जेम्स डिक्सन भेटले. आयर्लंडच्या उत्तर टोकाला टोरी नावाचं बेट आहे, तिथले मच्छीमार, जन्म १८८७ चा. १९५० च्या दशकात डेरेक हिल नावाचा इंग्रज चित्रकार त्या बेटावर चित्रं काढत बसायचा, हे म्हातारबा मागे उभे राहून बघायचे आणि एक दिवस म्हणाले, याच्यापेक्षा बरं मी काढीन! हिलनं रंग दिले, कागद दिले, पण ब्रश नको म्हणे, गाढवाच्या शेपटीच्या केसांचे मी माझे करतो.

मग काय, वादळं, बोटी, पक्षी, देवमासे, जे बेटावर दिसतं ते सगळं, १९७० ला जाईपर्यंत काढत राहिले.

आमच्या वडोद्यात हे अवघडच. इथं कुणी चित्र काढतं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, फाइन आर्ट्सला होता का? १९५० पासून फॅकल्टी गावात आहे त्यामुळे प्रश्न रास्तच, पण मला उगाच राग येतो.

देवमासा मीही काढलाय बरं का. कमाटीबागेतल्या म्युझियममधे ब्लू व्हेलचा अख्खा सांगाडा आहे, तो बघून आल्यावर. आजोबा म्हणाले, "अगं, याला पाणी कुठंय? नुसत्या बरगड्या काय काढल्यास!" मी म्हटलं, "म्युझियममधे कुठं असतं पाणी?" त्यावर ते खूप वेळ हसले. डोंगर काढायचे तर सगळ्यांसारखे दोन, मधे सूर्य, वास्तविक आम्हाला लांबून दिसतो तो एकटा पावागढ, पण एक डोंगर काढला की शाळेत बाई दुसरा कुठाय विचारायच्या.

समुद्र आजोबा काढायचे. गणपतीच्या मागे लावायला मोठा पुठ्ठा, त्यावर चुन्यात नीळ कालवून, दाढीच्या जुन्या ब्रशनं, लाटा अशा की मोदकावर येतील असं वाटावं. त्यांनी समुद्र कितपत पाहिला होता देव जाणे. कुणी वा म्हटलं की लगेच, छे हो, आम्ही कुठं शिकलोय. दर वर्षी नवा समुद्र, आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तो पुठ्ठा तुकडे करून बंबात. आजी म्हणायची, रंगवलेला असला तरी पेटतो चांगला.