पट्टी लाल का?

वास्तू नाही, नजर लागू नये म्हणूनही नाही. स्क्रीन शेअर केली की ‘मॅम, तुमच्या व्हीएस कोडला लाल पट्टी का?’ हे येतंच. (व्हीएस कोड म्हणजे कोड लिहायचा एडिटर.) एका नव्या मुलाने तर ‘रंगपंचमी का?’ असंही विचारलं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगते.

ऐरोलीच्या ऑफिसात तेव्हा माझ्याकडे एकाच प्रोजेक्टच्या दोन विंडो उघड्या असायच्या. एक लॅपटॉपवरची, दुसरी रिमोट एसएसएचने, म्हणजे नेटवरून जोडून, थेट प्रॉडक्शन सर्व्हरवर, जिथे खऱ्या ग्राहकांचं काम चालतं. (प्रॉडक्शनवर एडिटर उघडायचाच कशाला? लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी, बघायला. बरं, फक्त लॉग बघायला नाही.) फोल्डरचं नाव एकच, दोन्ही काळ्याकुट्ट.

शुक्रवार, संध्याकाळचे सहा. टेस्टच्या ऑर्डरी साफ करायच्या होत्या. ऑल्ट-टॅब, डेटाबेसचं टर्मिनल, कमांड पेस्ट, एंटर. लॅपटॉपवर चाळीसेक ओळी होत्या. स्क्रीनवर आलं: डिलीट ११२१६. आकडा वाचला, परत वाचला. विंडो सर्व्हरची होती. शेजारच्याने चहाला विचारलं, मी ‘हो, आलेच’ म्हणाले आणि उठलेच नाही. बॅकअप आदल्या रात्रीचा. दिवसभराच्या ऑर्डरी सपोर्टच्या दोघीजणी शनिवारी ईमेल बघून हाताने भरत बसल्या. त्यांतली एक कळव्याहून मुलाला घेऊन आली होती. तो माझ्या खुर्चीवर गोल गोल फिरत होता. कोणी ओरडलं नाही. मॅनेजर एवढंच म्हणाले, ‘खाली कोपऱ्यात लिहिलेलं असतं ना?’

असतं. डाव्या कोपऱ्यात एसएसएच आणि सर्व्हरचं नाव. आधीची मी हेच ऐकवायची, वाचता येतं ना, मग रंग कशाला? अहो, ठाण्याला ट्रान्सहार्बर लोकलच्या फलाटावर इंडिकेटरवरही लिहिलेलं असतं. तरी वाशीची म्हणून पनवेलच्या गाडीत बसतोच ना आपण? आणि तुर्भ्यापर्यंत मार्ग एकच, त्यामुळे चूक कळतही नाही.

पहिला उपायही फसला. प्रोजेक्टच्या सेटिंग्जमध्ये लॅपटॉपवरचा टायटल बार, म्हणजे विंडोची वरची पट्टी, हिरवा केला, ती सेटिंग्जची फाइल गिटमध्ये, म्हणजे कोडच्या सामायिक साठ्यात गेली आणि पुढच्या पुलनंतर, म्हणजे तिथून सर्व्हरवर कोड ओढल्यावर, सर्व्हरही हिरवागार! म्हणजे होतं त्यापेक्षा वाईट. आता लाल रंग सर्व्हरच्या रिमोट सेटिंग्जमध्ये आहे, टायटल बार आणि खालचा स्टेटस बार दोन्हींना. प्रोजेक्टमधला हिरवा काढावा लागला, कारण तिथली सेटिंग रिमोटच्या सेटिंगवर कुरघोडी करते. विंडोला रंग देणारं पीकॉक एक्स्टेन्शन सुचवू नका, माहीत आहे. तेही रंग प्रोजेक्टच्याच सेटिंग्जमध्ये लिहितं.

शिस्त असती तर हे लागलं नसतं, असं तुम्हाला वाटतंय. मलाही अधूनमधून वाटतं. लाल रंग पहिले पंधरा दिवस डोळ्यांत खुपला, मग भिंतीच्या रंगासारखा झाला. गेल्या महिन्यात त्याच लाल विंडोत परत चुकीची कमांड पेस्ट केली. एंटरआधी थांबले खरी, पण रंग बघून नाही. आईचा फोन आला म्हणून.