सर्वांत गडद रंग आणि योग्य प्रतिजन

डेंग्यूच्या आयजीएम (संसर्गानंतर सुरुवातीला तयार होणारी प्रतिपिंडे) चाचणीत कोणते प्रथिन वापरायचे, हे ठरवण्यासाठी त्या दिवशी आम्ही तीन प्रतिजन (प्रतिपिंडे ज्यांना चिकटतात ती प्रथिने) रुग्णांच्या सीरमच्या, म्हणजे रक्तातील द्रवभागाच्या, एकाच संचावर तपासले: विषाणूच्या आवरणातील संपूर्ण ई प्रथिन, त्याचाच तिसरा डोमेन (प्रथिनाचा स्वतंत्र घडीचा भाग) आणि एनएस१ (संसर्ग झालेल्या पेशींतून स्रवणारे विषाणूचे प्रथिन). प्रतिपिंडे चिकटली की रंग उमटतो. आम्ल घालून अभिक्रिया थांबवताच निळा रंग पिवळा झाला आणि ४५० नॅनोमीटरला वाचन घेण्याआधीच ई प्रथिनाची सरशी होणार असे वाटू लागले. तापाच्या पाचव्या-सहाव्या दिवसाचे नमुने त्यावर गडद उमटले होते. तिसऱ्या डोमेनवर त्यांतले बरेच जेमतेम पिवळसर होते.

पण संचात आम्ही मुद्दाम झिकाचे निदान पक्के झालेल्या रुग्णांचीही सीरम ठेवली होती आणि ई प्रथिनाच्या प्लेटवर त्यांचे वेलही (प्लेटमधले छोटे खळगे) तितकेच पिवळे निघाले. कारण ठाऊक असलेलेच होते. ई प्रथिनाच्या दुसऱ्या डोमेनवरील ‘फ्यूजन लूप’, म्हणजे साधारण ९८ ते ११० क्रमांकांची अमिनो आम्ले, सर्व फ्लेविविषाणूंत (डेंग्यू आणि झिका ज्या गटात येतात त्यांत) जवळपास सारखीच असतात आणि माणसाची बरीचशी प्रतिपिंडे नेमकी तिथेच चिकटतात. तिसरा डोमेन अधिक विशिष्ट खरा, पण त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे एकूण प्रतिसादात थोडीच असल्याने तीव्र संसर्गाचे रुग्ण हातचे निसटतात, आणि ज्या चाचणीचे कामच रुग्ण वेळेवर ओळखण्याचे आहे तिच्यात ही उणीव मला अधिक गंभीर वाटते.

एनएस१ मधल्या वाटेचे निघाले, मात्र एका नमुन्याने आम्हाला थांबवले. सस्तन पेशींत तयार केलेल्या एनएस१वर तो ठळक होता, तर जिवाणूंत तयार करून पुन्हा घडी घातलेल्या एनएस१वर जवळजवळ कोरा. या प्रथिनात सहा डायसल्फाइड बंध (घडी टिकवणारे गंधकाचे जोड) असतात. ते चुकीचे जुळले की घडी बिघडते आणि घडी ओळखणाऱ्या प्रतिपिंडांना पकडायला काही उरत नाही. जेलवर (प्रथिनाची शुद्धता पाहण्याच्या चाचणीत) दोन्ही बॅचेस सारख्याच स्वच्छ दिसत होत्या, हे विशेष. (शुद्धतेच्या दाखल्यावर विसंबून प्रतिजन खरेदी करणाऱ्यांनी जेलच्या जोडीला एखादे खात्रीचे सीरमही लावून पाहावे.)

संध्याकाळी आम्ही ई प्रथिन सोडले नाही, त्याचे रूप बदलायचे ठरवले: १०६ आणि १०७ या स्थानांवरील अमिनो आम्ले बदलून फ्यूजन लूपची ओळख पुसलेले विषाणुसदृश कण (जनुके नसलेली विषाणूची रिकामी कवचे), तेही डेंग्यूच्या चारही सिरोटाइपचे (उपप्रकारांचे). मांडणीही बदलली. प्लेटवर आधी रुग्णाचे आयजीएम पकडायचे आणि मग प्रतिजन सोडायचा, म्हणजे दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्या रुग्णातील जुने आयजीजी (आधीच्या संसर्गापासून टिकून राहिलेली प्रतिपिंडे) प्रतिजनावरची जागा अडवत नाही. पुढच्या संचात झिकाच्या सीरमचा वाटा वाढवण्याची मागणी मी लगेच नोंदवून टाकली.