खानापूर ते अथणी: शेतजमीन बघायला दोन दिवस, आणि पुन्हा एकदा पावसात

माझा मामेभाऊ पुण्यातली नोकरी सोडून शेती करायची म्हणतोय. तीन-चार एकर घ्यायची आणि तीही आपल्या बेळगाव भागातच, यावर तो ठाम. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात तो, मामा आणि मी गाडी काढून निघालो. डिकीत टिकाव, खोरं, घमेलं, पाण्याचे दोन कॅन, पिशव्या, टेप आणि पातळ केलेल्या ॲसिडची छोटी बाटली. दलाल मात्र बरोबर घेतला नाही. मामांचं म्हणणं असं, की दलाल जमिनीचा वरचा भाग दाखवतो आणि आपल्याला खालचा बघायचाय.

या जिल्ह्यात जमीन शोधणाऱ्यानं आधी पाऊस समजून घ्यावा. मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीला पाऊस अंगावर येतो. पूर्वेला अथणीपर्यंत जाता जाता तोच पाऊस इतका आटतो की कोरडवाहू ज्वारी-तुरीलाही वाट बघावी लागते. पश्चिमेला तांबडी माती आणि जांभा, म्हणजे तांबडा, भोकाभोकांचा दगड, पूर्वेला काळी. त्यामुळं ‘बेळगावकडे एकरी भाव काय?’ या प्रश्नाला अर्थच नाही.

पहिला मुक्काम जांबोटीच्या बाजूला, खानापूर तालुक्यात. दोन टेकड्यांच्या मधली भाताची जमीन, सपाट, बांध सुरेख घातलेले. भावाला बघताक्षणी आवडली. मालकाला विचारून आम्ही एका कोपऱ्यात कंबरभर खड्डा काढला. वर वीतभर तांबूस माती. त्याखाली रंग राखाडी होत गेला आणि त्यात गंजासारखे नारिंगी ठिपके दिसायला लागले. मामांनी ढेकूळ हातावर फोडून भावाला दाखवलं. जिथं पाणी महिनोन्महिने तुंबतं तिथं मातीतल्या लोहाचा रंग असा बदलतो. मे महिन्यात ती जमीन खडखडीत होती, पण ते ठिपके पावसाळ्याची साक्ष देत होते. भातासाठी ती उत्तमच. भावाला लावायचे होते आंबे आणि भाजी, त्यांची मुळं तिथं कुजली असती. वरच्या उतारावर दीड फुटावरच टिकाव जांभ्यावर आदळला. तिथं काजू येईल, दुसरं काही ओढूनताणून. शेजारच्या आजोबांनी आम्ही न विचारताच सांगितलं, “गव्यांचं काय करणार ते आधी ठरवा, मग जमिनीचं बघा की.” जंगलालगत जमीन घेणाऱ्यांनी हा खर्च पहिल्या दिवसापासून धरावा.

दुपारी शहराला लागून असलेल्या वडगाव-येळ्ळूरच्या शिवारात आलो. ही भारी काळी जमीन. भात निघाल्यावर राहिलेल्या ओलीवर मसूर पिकते ती इथली, आणि बासमतीचं नावही या शिवारानंच मोठं केलं. मे महिन्यातल्या भेगेत माझा हात कोपरापर्यंत गेला. भेगा बघून घाबरायचं कारण नाही, काळ्या मातीचा तो स्वभावच आहे. आम्हाला थांबवलं दुसऱ्याच गोष्टीनं. बांधावरच्या बाभळीत छातीएवढ्या उंचीवर प्लास्टिकच्या चिंध्या अडकल्या होत्या. बळ्ळारी नाल्याचं पाणी तिथवर चढलं होतं. नदी-नाल्याकाठची जमीन बघताना झाडांकडे आणि जुन्या भिंतींवरच्या डागांकडे जरूर बघा. दूधगंगा आणि कृष्णाकाठी तर 2019 आणि 2021 साली पाणी कुठपर्यंत आलं होतं, हे गावातलं शाळकरी पोरही बोट दाखवून सांगतं.

दुसऱ्या दिवशी निपाणीवरून पुढं, तंबाखूची रानं मागं टाकत चिक्कोडीकडे. कृष्णेच्या पट्ट्यात स्वस्तात मिळतेय म्हणून सांगितलेली उसाची जमीन होती. पाणी बारमाही, रस्ता डांबरी. पण ऊस टकलावर केस राहावेत तसा, ठिकठिकाणी गेलेला. मोकळ्या जागेत पांढरा थर, पाय ठेवला की माती भुसभुशीत दबायची. वर्षानुवर्षं पाटानं पाणी सोडून आणि निचरा न करून झालेलं हे नुकसान. मला याचं फार वाईट वाटतं, कारण या रानांनी दोन पिढ्या पोसल्या आहेत.

इथं एक फरक नीट समजून घ्या. क्षार नुसते साठलेली ती खारवट, तिथं चर काढून गोड्या पाण्यानं क्षार धुऊन काढावे लागतात. सोडियम मातीलाच चिकटलेली ती चोपण, सामू (पीएच) बहुधा साडेआठच्या वर. तिला जिप्सम लागतं आणि निचराही. खारवट जमिनीत नुसतं जिप्सम ओतणं म्हणजे पैसे घालवणं. आणि चराचं पाणी सोडायला खाली ओढा नसेल, किंवा मधल्या शेजाऱ्याची परवानगी नसेल, तर ती जमीन सोडून द्या. आम्ही सोडली.

अथणीपर्यंत गेलो, पण पाण्याची शाश्वती दिसेना, परतलो. येताना हुक्केरी तालुक्यात एक रान सापडलं. मध्यम काळी, तीन फुटांवर मुरूम, विहीर. ॲसिडचा थेंब टाकल्यावर माती थोडीशीच फसफसली, म्हणजे चुनखडी बेताची. माती तपासायला द्यायचा नमुना घेताना झाडाखालची, बांधालगतची आणि शेणखताच्या ढिगाजवळची जागा टाळली. आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचे वीतभर खड्डे, प्रत्येकाच्या कडेची माती खरवडून घमेल्यात एकत्र. ढिगाचे चार भाग, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत शेवटी अर्धा किलो उरवली. विहिरीच्या पाण्याची बाटलीही तपासणीला बरोबर दिली, कारण पाणीच खारट असेल तर चांगली माती किती दिवस टिकणार?

कागदाचं थोडक्यात. इथला उतारा, आपल्या सातबाऱ्यासारखा, म्हणजे पहाणी किंवा आरटीसी, आणि तो कन्नडमध्ये असतो, तेव्हा वाचणारा माणूस बरोबर ठेवा. मालकाचं नाव आणि बँकेचा बोजा बघतातच सगळे. ‘खराब’ किती ते मात्र राहून जातं. ‘अ खराब’ म्हणजे न पिकणारी जमीन, ‘ब खराब’ म्हणजे रस्ता, नाला अशी सार्वजनिक कामाची. आमच्या उताऱ्यात नऊ गुंठे ‘ब खराब’ निघाले, म्हणजे पैसे मोजायला नकोत असं क्षेत्र. 2020 च्या दुरुस्तीनंतर शेतकरी नसलेल्यालाही कर्नाटकात शेतजमीन घेता येते. पण अनुसूचित जाती-जमातींना सरकारनं मंजूर केलेली जमीन 1978 च्या कायद्यानं सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही. मूळ मंजुरी कुणाच्या नावे होती हे मागच्या फेरफारांवरून तपासा. कितीही गोड बोललं तरी आधी इसार देऊ नका.

जुलैअखेर पुन्हा निघालो. वडगावच्या त्या शिवारात बांधच दिसत नव्हते, सगळीकडे गढूळ पाणी. हुक्केरीत सकाळी सर येऊन गेली होती. तिथं फूटभर खड्डा काढून पाण्यानं भरला, ते जिरल्यावर पुन्हा भरला आणि काठी रोवून बघत बसलो. तासाला एक ते तीन इंच पाणी उतरलं तर निचरा चांगला. आमचं सव्वा इंच उतरलं. मामांनी माती मुठीत दाबून सोडली, गोळा झाला आणि बोटानं टोचताच फुटला. दोन दिवसांत वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, येईल म्हणाले.

तेवढ्यात ट्रॅक्टर घेऊन एकजण आला आणि शेतात यायची वाट त्याच्या रानातून जाते म्हणाला. नकाशात वाट नाही. उन्हाळ्यात सगळी रानं मोकळी असताना आम्ही गाडी थेट आत नेली होती, तेव्हा हे ध्यानातच आलं नाही. आता मोजणीसाठी अर्ज टाकलाय. वाटेचं नोंदणी करून लिहून मिळालं की मगच इसार.